रंग न मारलेली १९८५ ची मारुती ८०० : आहे तशी विकावी की चकाचक करून?

धागालेखक

नमस्कार. आमच्या घरी १९८५ साली घेतलेली मारुती ८०० आहे आणि ती आता विकायची आहे. ही पहिल्या पिढीची, जाणकार जिला एसएस ८० म्हणतात ती गाडी. १९८६ मध्ये आलेल्या गोलसर चेहऱ्याच्या गाडीशी तिची गल्लत होऊ नये म्हणून आधीच स्पष्ट करतो. सरळ रेषा, बरीचशी उभी काच आणि छताच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हाळ, असे तिचे रूप आहे. बाबांनी आगाऊ पैसे भरून, नंबर लागण्याची वाट पाहून ती घेतली आणि अखेरपर्यंत स्वतःच चालवली. दीड वर्षापूर्वी बाबा गेले. आमची पुण्यातली सोसायटी पुनर्विकासाला जाते आहे, त्यामुळे ज्या बंद गॅरेजमध्ये ही गाडी चाळीस वर्षे उभी राहिली ते काही महिन्यांत पाडले जाईल. मी परगावी भाड्याच्या घरात राहतो, बहिणीकडे गाडी उघड्यावर उभी करावी लागेल. म्हणून आईशी बोलून विकण्याचे ठरवले.

गाडीचा पांढरा रंग कारखान्यातून आला तोच आहे. डाव्या दारावर एका सायकलच्या हँडलचा लांब ओरखडा आहे आणि मागच्या बंपरच्या कोपऱ्याला बारीक पोचा आहे. दोन्ही बाबांनी तसेच राहू दिले. सीटचे रेक्झिन मूळचे आहे. चालकाच्या सीटची शिवण एका ठिकाणी उसवली होती, ती आईने जाड दोऱ्याने घरीच शिवली आहे. डिकीतले स्टेपनीचे चाक, जॅक, पाने, माहितीपुस्तिका आणि दुसरी किल्ली जागच्या जागी आहेत. डॅशबोर्डच्या खणात बाबांची निळी वही आहे. त्यात पहिल्या महिन्यापासून प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, किलोमीटर, ऑइल बदलल्याची तारीख आणि चाकांतली हवा यांच्या नोंदी आहेत. मीटरवर ६१ हजार किलोमीटर दिसतात आणि वहीशी ते जुळतात.

अडचण अशी की आतापर्यंत ज्यांना गाडी दाखवली त्या दोघांनीही आधी पूर्ण रंगकाम करून, सीट नव्या करून मग विकण्याचा सल्ला दिला. 'अशी मळकट गाडी कोण घेणार' हे त्यातल्या एकाचे शब्द होते. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नेमके सांगताही येत नाही. आपल्यापैकी ज्यांनी जुन्या गाड्या बाळगल्या आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

रंग मारू नका. मी हे कळकळीने लिहितो आहे, कारण मी नेमकी हीच चूक केली आहे. माझ्याकडेही घरात पहिल्यापासून असलेली एक जुनी छोटी गाडी होती. तिचा रंग फिका पडला होता, पण पत्रा धड होता. हौसेने मी ती संपूर्ण खरवडून नवा रंग दिला, काचांची रबरे बदलली, सीटवर नवे कापड चढवले. गाडी देखणी झाली. पुढे विकायला काढली तेव्हा एका जाणकार ग्राहकाने लोहचुंबक काढून दाराच्या खालच्या कडेवर फिरवला आणि विचारले, 'इथे पुट्टीखाली काय आहे?' खाली काहीही नव्हते, रंगाऱ्याने केवळ पातळी सारखी करायला पुट्टी भरली होती. पण ते सिद्ध कसे करणार? जुना रंग हाच माझा पुरावा होता आणि तो मी स्वतःच्या पैशाने घासून टाकला होता.

तुम्हाला जे सांगता येत नाही ते हेच असावे असे मला वाटते. न रंगवलेली गाडी पाहणाऱ्यापासून काही लपवू शकत नाही. बॉनेट उघडल्यावर मडगार्डच्या आतल्या कडेने दिसणारे वेल्डिंगचे ठिपके, दाराच्या सांध्यात कारखान्यात भरलेला सीलंटचा ओघळ, बोल्टच्या डोक्यावरचा न खरचटलेला रंग, काचांवरचे एकसारखे छाप, या सगळ्यावरून गाडीला कधी अपघात झाला का, कोणता भाग कधी उघडला गेला, हे जाणता माणूस दहा मिनिटांत वाचतो. रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनचा असतो; एकदा पुन्हा रंग चढला की आकडा वर जातो आणि पुट्टी असेल तर कित्येक पटींनी वाढतो. तुमच्या गाडीच्या प्रत्येक पत्र्यावरचे आकडे मोजून त्याचा तक्ता ग्राहकापुढे ठेवा. दुसरा कोणताही दाखला त्याच्या जवळपास येणार नाही.

आणि ती गाडी मळकट नाही. जुन्या साध्या पांढऱ्या रंगाचा वरचा थर उन्हाने आणि हवेने खडूसारखा होतो. ओल्या कापसाने एक वीतभर जागा पुसून पाहा. कापसाला पांढरा रंग लागेल आणि त्या जागी खालचा दुधाळ तुकतुकीतपणा दिसेल. सौम्य पॉलिश हाताने, मशीन न लावता, आणि मग मेण, एवढेच करावे. कडांवर आणि पत्र्याच्या उंचवट्यांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे घासू नये.

प्रतिसाद २

मला हे पूर्णपणे मान्य नाही. ही गाडी मध्यमवर्गीय कुटुंबाने रोज वापरावी म्हणून बनवली होती, काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. रंग ही केवळ शोभा नसते, ते पत्र्याचे कवच असते. जिथे रंग उडाला आहे तिथून गंज आत शिरतो, आणि 'मूळ रूप' जपण्याच्या नादात पाच वर्षांनी पत्राच उरला नाही तर मूळ काय राहिले? शिवाय ज्या पहिल्या मारुतीचा सर्वांना अभिमान आहे, १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते जिच्या किल्ल्या हरपाल सिंग यांना दिल्या गेल्या, ती गाडीसुद्धा पुढे नव्याने उभी करूनच कंपनीच्या मुख्यालयात मांडली गेली. तिथे कोणी जुना रंग कुठे गेला म्हणून विचारत नाही.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

आपला कवचाचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मी मोकळेपणाने मान्य करतो. उघड्या पडलेल्या पत्र्यावर उपाय करायलाच हवा. पण जिथे रंग उडाला आहे तेवढ्याच नखाएवढ्या जागेवर गंजरोधक आणि रंग लावणे ही एक गोष्ट, आणि त्या निमित्ताने आख्खी गाडी खरवडणे ही वेगळी गोष्ट. पहिल्या गाडीचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. मालकाच्या निधनानंतर ती उघड्यावर उभी राहून पार गंजली होती. तिला वाचवण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता, म्हणून ती नव्याने करणे योग्यच होते. इथे मात्र गाडी धडधाकट आहे. जुन्या गाड्यांच्या फिव्हा या आंतरराष्ट्रीय महासंघाची जी ट्यूरिन सनद आहे, तिच्यातही जतन आणि पुनर्निर्मिती या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत आणि शक्य तेवढा कमी हात लावण्यावर भर आहे.

प्रतिसाद ३

मी तीस वर्षे गॅरेज चालवले आहे, त्यामुळे रंगाच्या वादात न पडता चालवण्याच्या बाजूने लिहितो. गाडी 'मूळ स्थितीत' असणे आणि तिचे ब्रेक मूळ स्थितीत असणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिसणारी वस्तू जपावी, झिजणारी वस्तू बदलावी, आणि बदललेली प्रत्येक वस्तू पिशवीत घालून गाडीसोबत द्यावी.

दीड वर्ष गाडी हलली नसेल तर किल्ली फिरवून पाहू नका. आधी टाकीतले जुने पेट्रोल काढून घ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतली ओल धरते, आणि पत्र्याच्या टाकीच्या तळाशी ते पाणी साचून गंज सुटतो. हा गंज पुढे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. त्या काळची रबरी नळी या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती. ती आतून फुगते, बोटाने दाबली तर चिकट लागते आणि एक दिवस इंजिनाच्या उष्णतेजवळ ठिबकू लागते. या गाडीला आग लागण्याचा धोका असेल तो तिथे, म्हणून इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्या. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या आणि मग इंजिन हाताने फिरवा. टायमिंग बेल्ट कितीही कमी किलोमीटर चालला असला तरी बदला, कारण रबर किलोमीटरपेक्षा वर्षांनी जास्त मरते. ब्रेक ऑइल ओल शोषते, त्यामुळे मागच्या व्हील सिलिंडरचे पिस्टन जागेवर चिकटलेले असण्याची दाट शक्यता आहे. टायर वरून नवे दिसत असले तरी बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा असतील; ते फक्त ढकलण्यापुरते वापरा. १२ इंची टायर मिळतात. स्टेपनी जर कारखान्याचीच असेल तर ती डिकीत दाखवायला ठेवा, पण तिच्यावर गाडी चालवू नका.

एक दिलासा असा की यंत्राचे सामान मिळते. या गाडीचे ७९६ सीसी, तीन सिलिंडरचे एफ८बी इंजिन पुढच्या ८०० मध्ये आणि ओम्नीमध्ये वर्षानुवर्षे चालू राहिले. ओम्नी तर २०१९ पर्यंत बनत होती. गॅस्केट, पंप, बेअरिंग यांसाठी तुमचा ग्राहक अडणार नाही. अडेल तो दिवा, पुढची काच, बंपर, डॅशबोर्ड, दाराची आतली पट्टी यांसाठी, कारण १९८६ च्या गाडीच्या या गोष्टी हिला बसत नाहीत. सुरुवातीच्या गाड्यांतले बरेचसे भाग जपानहून आलेले होते. म्हणून कोणी रंगारी 'सगळे खोलून नवे करू' म्हणाला, तर त्याला काढलेली क्लिप तुटली तर तो दुसरी कुठून आणणार, हे एकदा विचारा.

प्रतिसाद ४

गाडीवर सर्वांनी लिहिले, कागदांवर कोणी लिहिले नाही. बाबांच्या नावावरची गाडी तुम्ही थेट तिसऱ्याला विकू शकत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ चा अर्ज करायचा असतो. तुमचा उशीर झाला आहे, तरी काम होते. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती आणि आरसी लागेल. गाडी आधी आईच्या नावावर करा, मग नमुना २९ आणि ३० भरून ग्राहकाच्या नावावर. ग्राहक दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल तर नमुना २८ चा ना हरकत दाखलाही लागेल.

दुसरी गोष्ट, खासगी गाडीची नोंदणी आधी १५ वर्षांची आणि मग पाच-पाच वर्षांनी वाढवलेली असते. १९८५ च्या गाडीची मुदत २०२५ मध्ये संपली असणार, तेव्हा आरसीवरची तारीख आजच पाहा. नूतनीकरणासाठी गाडीचे पासिंग, पीयूसी, विमा, पर्यावरण कर आणि उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी हे सर्व लागेल. १ एप्रिल २०२२ पासून पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि २० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी त्यानंतर ते आणखी वाढले आहे. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद संगणकात नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागेल आणि त्यासाठी फेऱ्या होतील.

'व्हिंटेज' नोंदणीचे आमिष कोणी दाखवले तर भुलू नका. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे ती पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या गाडीलाच मिळते, म्हणजे तुमच्या गाडीला २०३५ मध्ये; आणि ती घेतल्यावर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. मात्र त्या नियमांतही गाडी मूळ स्वरूपात, मोठे फेरफार न केलेली असावी अशी अट आहे, हे रंगाच्या वादात दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावे.

धागालेखक

सर्वांचे मनापासून आभार. आरसीची मुदत खरोखरच संपलेली निघाली. बाबा आजारी होते त्या काळात घरात कोणाच्या लक्षात येणे शक्य नव्हते. आईच्या नावावर गाडी करण्याचा अर्ज दिला आहे.

या रविवारी बहीण आणि मी गाडी नीट तपासायला बसलो. रंगाच्या जाडीचे यंत्र एका मित्राकडून आणले. छत, बॉनेट, चारही दारे आणि मडगार्ड मिळून चाळीस ठिकाणी मोजले. सर्वांत कमी आकडा ८७ आणि सर्वांत जास्त १३२ आला. हे पाहून फार बरे वाटले. पण नंतर चालकाच्या पायाखालचा रबरी गालिचा उचलला आणि मन खट्टू झाले. त्याच्या खालचे जाड नमदे ओले राहून राहून काळे पडले होते आणि ते सोलल्यावर पत्र्यात तळहाताएवढी जागा तपकिरी, पापुद्र्यांची दिसली. स्क्रूड्रायव्हरचे टोक एका ठिकाणी सहज आरपार गेले. पाणी कुठून येते ते शोधायला बहिणीने बाहेरून पुढच्या काचेवर तांब्याने पाणी सोडले आणि मी आत टॉर्च धरून झोपलो. काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातले रबर आखडून कागदाच्या जाडीएवढी फट पडली आहे; तिथून थेंब डॅशबोर्डच्या मागून घरंगळत थेट त्या नमद्यावर येतो. आता ही जागा दुरुस्त करून विकावी की दाखवून विकावी?

प्रतिसाद ३ यांचे उत्तर

पाण्याची वाट शोधलीत हे उत्तम केले, कारण पुष्कळ जण पत्रा जोडतात आणि गळती तशीच ठेवतात. काचेचे जुने रबर ओढून काढायला जाऊ नका, काच फुटली तर दुसरी मिळवताना दमछाक होईल. रबराच्या ओठाखाली काचेसाठीचे न सुकणारे सीलंट बारीक नळीने भरा, तेवढे पुरे. नमदे काढून टाका आणि सांगाडा आठवडाभर कोरडा होऊ द्या.

पत्र्याबद्दल माझे मत, दुरुस्ती तुम्ही करू नका. फायबरची चकती चिकटवून वर काळा डांबरी रंग फासणारे गॅरेज कोपऱ्याकोपऱ्यावर आहे, आणि तसे केलेत तर पुढच्या मालकाला आधी ते उपसावे लागेल. फक्त सुटा गंज खरवडा, गंजरोधक लावा, फोटो काढा आणि भोक तसेच दाखवा. ज्याला गाडी कळते तो चांगल्या पत्र्यापर्यंत कापून त्याच जाडीचा तुकडा वेल्ड करून घेईल. ती जागा सपाट आहे, काम अवघड नाही.

प्रतिसाद २ यांचे उत्तर

आकडे वाचून मी माझे मत बदलतो. चाळीस ठिकाणी एकही पत्रा १३२ च्या वर नसेल तर त्या रंगाला हात लावणे चुकीचे ठरेल. पायाखालच्या पत्र्याने माझा मूळ मुद्दाही सिद्ध केला, गंज न दिसणाऱ्या जागी बसलेला असतो आणि वरचा रंग कितीही उजळवला तरी तो तिथेच राहिला असता. दारांच्या खालची पाणी निघून जाण्याची भोके, बॅटरीखालचे ताट, स्टेपनीचा खळगा आणि छताची पन्हाळ याही जागा तपासाव्यात. पन्हाळीत साठलेली माती टोकदार वस्तूने न काढता पाण्याने भिजवून मऊ ब्रशने काढावी.

प्रतिसाद ५

मी हा धागा सुरुवातीपासून वाचतो आहे आणि मला ही गाडी घ्यायची इच्छा आहे. आधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो, मी रत्नागिरीचा आहे. खारी हवा या गाडीचा शत्रू आहे हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे घराला लागून बंद खोली आहे, समुद्र तिथून दिसत नाही पण वारा येतोच. गाडी पावसाळ्याचे चार महिने बाहेर न काढता आणि पोकळ भागांत मेणाचा फवारा मारून ठेवण्याचा विचार आहे. हे पुरेसे वाटत नसेल तर निःसंकोच नाही म्हणा, मला वाईट वाटणार नाही.

धागालेखक

आपला प्रामाणिकपणा फार भावला आणि आईलाही आपला प्रतिसाद वाचून दाखवला. तरीही आम्ही नाही म्हणतो आहोत, आणि ते मनावर दगड ठेवूनच लिहितो. जिने चाळीस वर्षे पुण्याच्या कोरड्या गॅरेजमध्ये काढली आणि तिथेही एका कोपऱ्यातून गळणाऱ्या पाण्याने जिचा पत्रा खाल्ला, तिला किनाऱ्याला पाठवायचा धीर आम्हाला होत नाही.

धागालेखक (अडीच महिन्यांनी)

धागा अर्धवट सोडू नये म्हणून लिहितो. गाडी आईच्या नावावर झाली, ब्रेक, नळ्या, टायमिंग बेल्ट आणि टायर नवे घातले, जुने भाग चिठ्ठ्या लावून एका खोक्यात भरले आणि गाडी रंगाला हात न लावता पासिंगमध्ये उत्तीर्ण झाली. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी चेसिस क्रमांक, दिवे आणि ब्रेक पाहिले; ओरखड्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. नव्या नियमाची क्रमांकपट्टी लावावी लागली. बाबांनी रंगाऱ्याकडून हाताने लिहून घेतलेल्या जुन्या पाट्या खोक्यात आहेत.

गाडी साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी घेतली. रंगवून विकली असती तर कदाचित याहून जास्त आले असते असे आम्हाला सांगणारे आजही आहेत. शिक्षकांनी पहिल्या भेटीत बॉनेट उघडण्याआधी चालकाच्या बाजूचा गालिचा उचलला, भोकावर बोट फिरवले आणि मग रंगाच्या आकड्यांचा कागद मागितला. सीट बदलणार का असे मी विचारले तेव्हा त्यांनी आईच्या टाक्यांकडे पाहून 'इतकी घट्ट शिवण हल्ली कोण घालतो' असे म्हटले. व्यवहार त्याच दिवशी ठरला.

निळी वही आईने ठेवून घेतली आणि तिच्या सर्व पानांच्या छायाप्रती त्यांना दिल्या. गाडी निघताना ती खाली आली आणि खिडकीशी वाकून त्यांना सांगत होती, की सकाळी चोक पूर्ण ओढायचा, पण फाटकापर्यंत पोचलात की अर्धा आत ढकलायचा, नाहीतर ती गुदमरते. आणि डावे दार लावताना किंचित वर उचलायचे.